सात वर्षांचा किनारा

टँकरचा पाइप छतावरच्या टाकीत सोडून हे खाली उतरले आणि मला म्हणाले, "विहिरीचा पंप बंद कर. पाहुणा असेपर्यंत चालू करू नको. स्वयंपाकाला, आंघोळीला, सगळ्याला टाकीतलंच पाणी."

मी पंप बंद केला. टँकरवाल्याला ह्यांनी चहासुद्धा घेऊ दिला नाही, कारण पाहुणा यायच्या आत गाडी वाडीबाहेर जायला हवी होती. गाडी गेली तसा ह्यांनी खराटा घेतला आणि वाळूत उमटलेले टायरचे वण पुसायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना अंगण झाडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पाहुणा म्हणजे श्रीरंग नातू. त्याचे वडील एके काळी आमच्या भाटवणच्या बँकेत मॅनेजर होते, तेव्हा दोन-तीन वर्षं तो ह्यांच्या वर्गात होता. दोघे मिळून ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या वेचायचे, मार खायचे. पुढे नातू कुटुंब पुण्याला गेलं. आता श्रीरंगची कंपनी होती. समुद्रकाठची छोटी निवासं शोधायची, त्यांत पैसे घालायचे, ती नीट चालवायची, असा तिचा धंदा. ह्यांनी कुठूनसा त्याचा नंबर मिळवला होता आणि तो स्वतः बघायला येतो म्हणाला होता.

आमच्या चार खोल्या होत्या. ह्यांची आधी होडी होती. मासे कमी होत गेले, जे मिळायचे त्यासाठी फार आत जावं लागायचं. तेव्हा होडी विकून ह्यांनी घराशेजारच्या माडांत ह्या खोल्या बांधल्या. समोर सुरूची झाडं, झाडांच्या पलीकडे पांढरी वाळू आणि मग समुद्र. कोल्हापूर, बेळगाव, पुण्याची माणसं यायची. मी घावणे, सोलकढी, सुरमईचं कालवण करायची. मुलं सुरूच्या बनात झोपाळे बांधायची. चांगली वर्षं होती ती.

मग एका मे महिन्यात चक्रीवादळ आलं आणि अर्धं सुरूचं बन गेलं. उरलेलं पुढच्या पावसाळ्यांत एकेक करून गेलं. मुळांखालची वाळू निघून जायची आणि झाड एका सकाळी आडवं झालेलं दिसायचं. समुद्राने ती वाळू परत आणून टाकली नाही. पूर्वी टाकायचा. पावसाळ्यात न्यायचा आणि दिवाळीपर्यंत आणून द्यायचा. मग विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. आधी फक्त मला कळायचं, कारण चहातलं दूध फाटायचं. नंतर एका बाईने मोबाइलवर लिहिलं की इथे केसांना साबणाचा फेसच येत नाही. ते वाचून किती जणांनी यायचं रद्द केलं असेल, कोण जाणे.

विमा कंपनीने वादळाची भरपाई दिली, पण पुढच्या वर्षी विमा उतरवायला नकार दिला. तिथली मुलगी नम्र होती. तिने किनाऱ्यापासूनचं अंतर विचारलं, कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि कॉम्प्युटर घेत नाही म्हणाली. ह्यांनी तिला विचारलं, मग कोणाशी बोलायचं? तिलाही ते माहीत नव्हतं. कर्ज मागायला गेलो तर बँकेतही तसंच झालं. मे महिना आमचा कमाईचा, पण उन्हाळे असे कडक व्हायला लागले की लोक मेमध्ये कोकणाकडे यायचेच थांबले. आणि वादळाची नुसती बातमी आली, ते वादळ गुजरातकडे गेलं, तरी इथल्या खोल्या रिकाम्या पडायच्या.

म्हणून श्रीरंग येणार ह्याचं ह्यांना एवढं वाटत होतं. भागीदारी होईल, मागच्या बाजूला आणखी खोल्या काढू, असं हे वाडीत दोघा-तिघांना बोलूनही बसले होते. तारीखही ह्यांनी विचार करून दिली होती. अष्टमी. त्या दिवसांत समुद्र मऊ असतो, भरतीसुद्धा फार वर चढत नाही. आमच्याकडे त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, आणि उधाणाला आता पाणी आमच्या पायरीपर्यंत यायचं. ते श्रीरंगने बघू नये, एवढीच ह्यांची इच्छा होती.

तो अकराच्या सुमारास आला. एकटाच, स्वतः गाडी चालवत. उतरल्याबरोबर त्याने ह्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "सुभ्या, कसो आसस?" इतक्या वर्षांनी त्याला मालवणी आठवत होती ह्याचं ह्यांना इतकं अप्रूप वाटलं, की क्षणभर हे पाणी, वाळू सगळं विसरले. मला तो माणूस आवडला. पायातले बूट काढून तो अनवाणी चालला, खोल्या बघितल्या, गाद्या दाबून बघितल्या, नळ सोडून पाणी हातावर घेतलं. पाणी गोड होतं. हे माझ्याकडे बघत नव्हते.

ओहोटीला दोघे किनाऱ्यावर जाऊन आले. ह्यांनी त्याला लांबवर पसरलेली ओली वाळू दाखवली. इथे मुलं क्रिकेट खेळतात, म्हणाले. ते खरंही होतं, ओहोटीला खेळायची.

दुपारी जेवताना श्रीरंग वडिलांविषयी बोलायला लागला. नातूसाहेब थकले होते, फारसे हिंडत-फिरत नव्हते, पण भाटवणचं नाव काढलं की त्यांचा चेहरा खुलायचा. इथल्या माशांसाठी त्यांनी म्हणे एक बदली नाकारली होती. "आमच्या कंपनीत त्यांच्या निवृत्तीचे पैसे आहेत," श्रीरंग म्हणाला. "मी इकडे येतोय म्हटल्यावर म्हणाले, भाटवणला काही जमलं तर माझे पैसे तिथेच लाव. मला बरं वाटेल."

मी त्याच्या ताटात भात वाढत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पटकन सोलकढीची वाटी पुढे केली आणि बोलणं वडिलांच्या तब्येतीवर नेलं.

जेवून श्रीरंग झोपला. हे स्वयंपाकघरात आले. मी म्हटलं, "त्येका सांगूया."

"काय सांगूया?"

"विहिरीचा. उधाणाचा. सगळा."

ह्यांनी दार लोटून घेतलं. "सांगितलंस तर तो जातलो. मगे कोण येतलो? तूच सांग कुमुद, कोण येतलो?"

बँक नाही, विमा नाही, पाहुणे नाहीत. एका माणसाने जागा विकत मागितली होती, पण ती वादळाच्या आधी. नंतर तो एकदा आला, किनाऱ्यापर्यंत गेला आणि भेटायलाही न थांबता परत फिरला.

"त्येचे पैसे गेले तर त्येका ओरखडो उठतलो," हे म्हणाले. "आपला घर जाता."

"पैसे त्येच्या बापाशीचे आसत."

ह्यांनी नळाखाली हात धुतले, मग परत धुतले, आणि बाहेर जाऊन माडाखाली बसले. ह्यांच्यावर मला राग येत नव्हता. हा माणूस कधी कुणाला फसवणारा नव्हता. मासे विकतानासुद्धा आदल्या दिवशीचा मासा वेगळा ठेवून, हा कालचा आहे, असं सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सुरमई आणायला बंदरावर गेले. श्रीरंग ओट्यावर खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसला होता. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच उभी राहिले. सांगायचं ठरवून मी गेले नव्हते. पण त्याने विचारलं, वहिनी, बसा ना, आणि मी बसले, आणि बसल्यावर मला गप्प राहता येईना.

मी सगळं सांगितलं. हा चहा टँकरच्या पाण्याचा आहे, विहीर मचूळ झालीय. समोर सुरूचं बन होतं, आता एक झाडही नाही. तुम्ही काल जी वाळू बघितलीत ती भरतीला नसते. उधाणाला पाणी ह्या पायरीला लागतं, आणि दर वर्षी थोडं वर येतं. ह्यांनी सांगितलं नाही कारण ह्यांना दुसरा रस्ता दिसत नाही. ह्यांना वाईट समजू नका, पण तुमच्या वडिलांचे पैसे इथे घालू नका. हे सगळं बोलताना मी सारखी रस्त्याकडे बघत होते. ह्यांची स्कूटर आली असती तर मी गप्प झाले असते.

श्रीरंगने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "वहिनी, मला माहीत आहे हे."

"विहिरीचं?"

"विहिरीचं माहीत नव्हतं, पण असणार असं धरलं होतं. ह्या पट्ट्यातल्या बहुतेक विहिरींचं तेच झालंय."

त्याने कप खाली ठेवला आणि मला समजावून सांगायला लागला, अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं. निघण्यापूर्वी त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी ह्या किनाऱ्याची वरून, आकाशातून काढलेली वर्षावर्षांची छायाचित्रं मागवली होती. त्यांत आमचं सुरूचं बन दिसत होतं, मग अर्धं दिसत होतं, मग दिसत नव्हतं. दर वर्षी किती वाळू जाते ते त्यांनी काढलं होतं. "आणि सुभ्याने अष्टमीला बोलावलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं," तो म्हणाला. "लोक आम्हाला नेहमी भांगातच बोलावतात. उधाणाला ये, असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही."

तो हसला. त्यात टोमणा नव्हता.

"मग तुम्ही आलात कशाला?" मी विचारलं.

"जागा चांगली आहे म्हणून." त्याने समोर हात केला. "लोकांना पाणी जवळ हवं असतं, वहिनी. खोलीतून समुद्र जितका जवळ, तितकी ती खोली आधी भरते. आता समोर झाडं नाहीत, पलंगावर पडल्या पडल्या लाटा दिसतात. झाडं होती तेव्हा आम्ही ही जागा घेतली नसती."

"आणि समुद्र आणखी आत आला की?"

"सात वर्षं धरलीत आम्ही. घातलेले पैसे चौथ्या-पाचव्या वर्षी सुटतात. बाबांचेही सुटतील, तुम्ही त्यांची काळजी करू नका." त्याने अंगणाकडे बोट केलं. "पक्कं काही बांधायचं नाही. लाकडी तळ, तंबू, सगळं नटबोल्टचं. उचलून नेता येईल असं."

मी विचारलं, "आणि सात वर्षांनंतर आम्ही?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "जागा तुमच्याच नावावर राहील. आम्ही विकत घेत नाही, फक्त चालवायला घेतोय." त्याला ते मला धीर देण्यासाठी सांगायचं होतं, हे मला कळत होतं.

मी तिथून उठले नाही. आदल्या दुपारपासून मी जे ओझं घेऊन हिंडत होते ते कुणालाच नको होतं. ह्यांनी झाडलेलं अंगण समोर होतं. मी सांगितलं नसतं तरी हेच झालं असतं, आणि सांगून काही बदललं नव्हतं.

थोड्या वेळाने हे आले. पिशवीत मोठी सुरमई होती. आमच्या चेहऱ्यांवरून ह्यांना समजलं असावं, कारण हे पायरीवर चढलेच नाहीत, खालीच उभे राहिले. श्रीरंग उठून खाली गेला आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्याने सगळं परत सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. भागीदारी नाही, नव्या खोल्या नाहीत. सात वर्षांचा करार, दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि हवं असेल तर दोघांनाही तिथेच काम.

हे मला ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. समुद्राकडे वळून उभे राहिले. मग म्हणाले, "सात नाही. दहा जातील."

"सुभ्या, आमच्या लोकांनी नीट बघितलंय."

"तुझे लोक आकाशातून बघतात. मी इथे जन्मलो. तिथे बाहेर खडक आहे, तो लाट मोडतो. तुझ्या फोटोत खडक दिसतो का? दहा धर."

श्रीरंगने मान हलवली. हे पुढे सरकले. दगडी बांध घालू म्हणाले. श्रीरंग म्हणाला, एका घरापुढे बांध घातला तर पाणी शेजाऱ्यावर वळतं, घालायचा तर सगळ्या किनाऱ्याला घालावा लागेल, आणि तो कोण घालणार? शेजारचं घर ह्यांच्या चुलतभावाचं होतं.

"बरं, आठ धर," हे म्हणाले. "माझ्यासाठी आठ धर."

मासे विकताना ह्यांनी कधी अशी घासाघीस केली नव्हती. पिशवीवर माशा बसायला लागल्या होत्या. मी खाली उतरले, ह्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि आत गेले. आतून मला श्रीरंगचा आवाज येत होता. "मला दहासुद्धा म्हणायला आवडेल रे," तो म्हणत होता. "पण मी म्हणून काय होणार आहे?"

त्या दिवशी त्याने सुरमई खाल्ली, हातावर दही-साखर घेतली, माझ्या पाया पडला आणि गेला. महिन्याभरात मालवणला जाऊन आम्ही सह्या केल्या. दुसरं कोणी येणार नव्हतं.

आम्ही वर बाजारपेठेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, कारण आमचं राहतं घरही करारात गेलं. ते त्यांनी पांढरं रंगवलं. समोर लाकडी तळ टाकले, त्यांवर तंबू. पाण्यासाठी रोज टँकर येई आणि आता त्याचे वण कोणी पुसत नसे. लोक खूप आले. श्रीरंगचं म्हणणं बरोबर होतं, सगळ्यांना पुढची रांग हवी असायची. उधाणाच्या तारखा विचारून यायचे. रात्री पाणी तंबूखाली वाजायचं, ते मोबाइलमध्ये भरून घ्यायचे. मी तिथे स्वयंपाक करायची आणि हे गडी-माणसांवर देखरेख ठेवायचे. एकदा मुंबईची एक मुलगी मला म्हणाली, मावशी, तुम्ही किती नशीबवान, तुम्हाला हे रोज बघायला मिळतं. मी हो म्हटलं. ती मनापासून बोलत होती.

हे आठ म्हणाले होते, श्रीरंग सात. सहाव्या पावसाळ्याआधी कंपनीचा ट्रक आला. तंबू, तळ, पलंग, एसी, सगळं एका दिवसात सुटलं आणि ट्रकमध्ये चढलं. श्रीरंगने फोन केला, त्याचा आवाज खरंच जड होता. वडिलांचे पैसे केव्हाच परत मिळाले, असं त्याने सांगितलं. नातूसाहेबांनी नमस्कार कळवला होता. त्याच आषाढातल्या अमावास्येला समुद्राकडच्या दोन खोल्या पडल्या आणि पुढच्या वर्षी उरलेल्या दोन. राहत्या घराचा पाया उघडा पडला. ते आम्हीच उतरवलं, चिरे तरी हाताला लागावेत म्हणून. चुलतभावानेही उतरवलं.

त्यानंतर आम्हाला एकच ध्यास होता. गावाच्या डोक्यावर सडा आहे, नुसता कातळ, वर्षानुवर्षं तिकडे गुरांशिवाय कोणी फिरकत नसे. तिथे घर बांधायला आम्ही एक तुकडा बघून ठेवला होता. ह्यांनी चिरे तिकडेच रचून ठेवले होते. मालकाशी बोलणं झालं होतं, थोडं थोडं जमवत होतो.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, श्रीरंगचा फोन आला. गावात येतोय म्हणाला. सड्यावर कोणाकोणाच्या जमिनी आहेत ते सुभ्याला ठाऊक असेल, दाखवेल का? हे इस्त्रीचा सदरा घालून गेले. मी विचारलं नाही का जाताय म्हणून. त्या जमिनी त्याला गावातल्या दुसऱ्या कुणीही दाखवल्या असत्या.

दुपारी हे एकटेच परत आले. श्रीरंगला निघायची घाई होती. हात-पाय धुऊन पाटावर बसले आणि मी काही न विचारता सांगायला लागले. वरून समुद्र लांब दिसतो, पण छान दिसतो, असं तो म्हणाला. आता लोकांनाही तसाच हवाय. इथे पक्कं बांधायचं, दगडी. करारबिरार नाही, विकतच घेणार, सगळा सडा.

"तो म्हणालो, हयसर कसली भीती नाय," हे म्हणाले.

मी ताट वाढलं. मग विचारलं, "आपण बघितलेलो तुकडो?"

"त्येतच इलो," हे म्हणाले, आणि भात मागितला.